घररक्षणासाठी बंदूक: विदर्भातल्या गावात अर्जापासून काडतुसापर्यंत

कापूस वेचून घरात येतो, विकला की रोकड हाती असते, आणि याच दिवसांत वावरातल्या नाही तर गावाबाहेरच्या घरात बंदुकीचा विषय निघतो. शेजारच्या गावात चोरी झाली की आणखी जोरात निघतो. बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. आधी दुकानात जाऊन बंदुका हाताळतात, एखादी पसंत करतात आणि मग परवान्याच्या मागे लागतात. कायदा काय देतो आणि आपल्या घराच्या भिंती काय झेलतात हे आधी पाहिलं, तर निवड बरीचशी आपोआप होते.

बंदूक कधी चालवता येते

हा भाग आधी वाचा, कारण तो पटला नाही तर पुढचा खर्च वाया आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. या कलमांतला मजकूर बराचसा जुन्या दंड संहितेतलाच आहे, फक्त आकडे बदललेत.

समोरच्याचा जीव जाईल इतका प्रतिकार करायला कायदा मोजक्याच प्रसंगी मुभा देतो. शरीराच्या बाबतीत कलम 38 आहे: जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला वगैरे. मालमत्तेच्या बाबतीत कलम 41 आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणं, आणि जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं. दिवसाढवळ्या कोणी पऱ्हाटीतून कापूस वेचून नेत असेल, कोठ्यातून बकरी सोडून नेत असेल किंवा मोटरपंपाची केबल कापत असेल, तर ते या यादीत बसत नाही. तिथे गोळी झाडली तर आरोपी तुम्ही.

कलम 37 म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. घरफोडीविरुद्धचा हक्क चोर घरात आहे तोवरच चालतो. तो आवाराबाहेर पडून पांदणीनं पळत सुटला की त्याच्या पाठीत झाडलेले छर्रे शवविच्छेदनात पाठीतच सापडतात, आणि मग वकिलाकडेही फार बोलायला उरत नाही. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भारही आरोपीवरच असतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे.

दाराला किंवा धुऱ्यावर तार बांधून आपोआप सुटणारी बंदूक लावणं हा प्रकार कुठेच बसत नाही. कुंपणात करंट सोडण्यासारखाच तो आहे. समोर कोण येईल ते तार ओळखत नाही.

त्याआधीची कामं

आतून अडसर, मागच्या दाराला जाड कडी, आवारात सोलर लाइट, भुंकणारा कुत्रा, शेजाऱ्याशी ठरलेली हाक, फोनमध्ये 112 आणि पोलीस पाटलाचा नंबर. गावात ग्राम सुरक्षा दल असेल तर त्यात नाव द्या. हे सगळं मिळून बंदुकीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात होतं. शिवाय परवान्याच्या चौकशीत ठाणेदार हेच विचारतात की आधी काय उपाय केले.

घरात कोणी कर्जानं, आजारपणानं खचलेलं असेल किंवा पिणारं असेल, तर बंदूक आणू नका. आपल्याकडे हे उगाच लिहिलेलं नाही. विषाचा डबा लपवता येतो, बंदूक घरात आहे हे मात्र घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. आधीच बंदूक असेल तर अशा काळात ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्या. मनाच्या त्रासासाठी टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालतो.

परवान्याचे टप्पे

1. वय 21 पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षेची मुदत संपल्यानंतर पाच वर्षं दार बंद. चॅप्टर केसमध्ये (पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत) शांततेचं किंवा चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून द्यायचा आदेश झाला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबा.

2. अर्ज नमुना ए-1 मध्ये, राष्ट्रीय शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. नागपूर आणि अमरावती शहराच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात.

3. सोबत फोटो, जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, आधार, शारीरिक-मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र (व्यसन नसल्याच्या स्पष्ट उल्लेखासह), शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला. वैद्यकीय प्रमाणपत्रात व्यसनाचा उल्लेख राहून गेला म्हणून फाईल परत आल्याचं नेहमी दिसतं. डॉक्टरसमोर बसूनच ते वाक्य तपासा.

4. गरज लिहा. ‘जीवितास धोका आहे’ एवढं लिहून भागत नाही. घर गावठाणापासून किती अंतरावर आहे, रस्ता कसा आहे, आधी झालेल्या चोरीच्या एफआयआरची किंवा एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत, धंद्यात रोकड असेल तर त्याचे कागद, सातबारा. जितकं नेमकं तितकं बरं.

5. अर्ज मग ठाण्यात जातो. ठाणेदारानं 30 दिवसांत अहवाल पाठवायचा असतो. तो आलाच नाही तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे अहवालाची वाट न पाहताही निर्णय घेता येतो. ही तरतूद फार कमी अर्जदारांना माहीत असते. लेखी अर्ज देऊन तिची आठवण करून द्या.

6. नकार मिळाला तर लेखी कारणं मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील जातं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी नागपूरला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीमसाठी अमरावतीला.

विदर्भात एक जादा पायरी अनेकांना नडते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 34 प्रमाणे अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर, ज्ञानगंगा, उमरेड-कऱ्हांडला, पैनगंगा या सगळ्यांभोवतीची गावं मोजली तर मोठा मुलूख यात येतो. आपलं घर या पट्ट्यात आहे का ते अर्ज करण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयातून विचारून घ्या. नाहीतर फाईल महिनोन्महिने कुठे अडली आहे हेच कळत नाही.

कोणती बंदूक

इथे कायदाच अर्धा निर्णय देतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये 20 इंच किंवा त्याहून लांब नळीच्या, आतून गुळगुळीत नळी असलेल्या बंदुकीसाठी, स्वसंरक्षण हे कारण असेल तर, परवाना ‘देईल’ अशी भाषा आहे. अपात्रतेची किंवा सार्वजनिक शांततेची कारणं निघाली तर कलम 14 खाली तोही नाकारता येतो. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि रायफलला ही सवलत नाही. तिथे ठोस कारण पटवावं लागतं.

म्हणून खेड्यातल्या घरासाठी सरळ पर्याय बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप). सिंगल बॅरल हलकी, स्वस्त आणि समजायला सोपी. डबल बॅरलमध्ये दुसरी गोळी हाताशी असते. पंप ॲक्शनमध्ये (पुढचं लाकूड मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक) काडतुसं जास्त मावतात, पण नवख्याचा धोका तिच्यातच जास्त. मॅगझिन रिकामं केलं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं वाटतं, आणि एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, राहून जातं.

बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुका गावात बऱ्याच आहेत. भरलेल्या नळीवर चढवलेला घोडा अंगठ्यानं हळूच उतरवताना अंगठा घसरतो, आणि घरातले अपघात तिथे होतात. अशी बंदूक वापरायचीच असेल तर घोडा उतरवण्याआधी नळी मोडून, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून, काडतूस काढा, मग उतरवा.

.32 रिव्हॉल्व्हर महाग असते, आणि घाबरलेल्या हातानं पाच मीटरवरही ती चुकते. .315 रायफलची गोळी कुडाच्या भिंतीतून, टिनातून, शेजाऱ्याच्या ओसरीतून पुढे जाते आणि मोकळ्या वावरात किलोमीटरभर तरी चालते. घरासाठी ती नकोच. 9 मिमी आणि .303 सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत, ते निषिद्ध बोअर आहेत. कोणी ‘सेटिंग’नं देतो म्हणाला तर तो तुम्हाला 7 ते 14 वर्षांच्या शिक्षेच्या दारात उभं करतोय. परवाना नसलेली साधी बंदूक किंवा गावठी कट्टा घरात सापडला तरी 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 2 वर्षं आणि कमाल 5 वर्षं आहे.

भरमारचा (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा) परवाना पीकरक्षणासाठी सहज मागता येतो. भरमार अपुरी पडते असं पटवलं तर त्याच कारणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. पण भरमार घररक्षणाला निकामी आहे. भरायला वेळ लागतो, पावसाळ्यात दारू सर्द होते, आणि काळ्या दारूची ठिणगी नळीबाहेर लांबवर उडते. ज्या घरात छतापर्यंत कापूस भरलाय तिथे हे काय करेल ते सांगायला नको. बारा बोअरच्या नळीतूनही जाळ आणि गरम बूच (दारू आणि छर्ऱ्यांमधला डाट) बाहेर पडतं, म्हणून कापसाच्या खोलीकडे तोंड करून कोणतीच बंदूक नको. आणि परवाना पीकरक्षणाचा असला तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर किंवा रोही मारता येत नाही.

छर्ऱ्यांची एअरगन (.177, 20 जूलपेक्षा कमी) विनापरवाना मिळते. तिनं चोर अडत नाही. उलट अंधारात समोरच्याला ती खरी बंदूक वाटते आणि तो खऱ्या हत्यारानं उत्तर देतो.

भिंती पाहून ठरवा

चोर कुठून येईल, तुम्ही कुठे उभे असाल, आणि त्या रेषेच्या मागे कोण झोपतं हे कागदावर काढा. विटा-सिमेंटची भिंत छर्रे अडवते. कुडाची भिंत, टिनाचा पत्रा, प्लायवूडचं दार अडवत नाही, कवेलू तर नाहीच. सामाईक भिंत असलेल्या घरांत पलीकडे दुसऱ्याचा पलंग असतो.

एलजी काडतुसात सहाच मोठे छर्रे असतात आणि ते पातळ आडोशातून पार होतात. घराच्या आत बारीक छर्ऱ्याचं काडतूस भिंतीपलीकडचा धोका कमी करतं, संपवत नाही. खोलीच्या अंतरावर, म्हणजे चार-सहा मीटरला, छर्रे पसरून सगळीकडे लागतील ही समजूत खोटी आहे. तेवढ्या अंतरावर ते बहुतेक मुठीपासून तळहाताएवढ्या जागेतच लागतात. नेम धरावाच लागतो, आणि अंधारात नेमाआधी समोर कोण आहे ते दिसायला हवं. रात्री उशिरा आलेला मुलगा, मागच्या दारानं बाहेर गेलेले वडील, पाणी मागायला आलेला सालदार, ही माणसं चोरापेक्षा जास्त वेळा अंधारात उभी असतात. टॉर्च बंदुकीआधी घ्या.

जुनी बंदूक घेताना

गावात बहुतेक बंदुका हातबदल होऊनच येतात. विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याआधी ताबा घेऊ नका. मग उजेडात बसून हे पाहा:

बंदूक मोडा, ती रिकामी आहे याची खात्री करा. नळीवरचा, बॉडीवरचा आणि पुढच्या लाकडाखालचा नंबर परवान्याशी जुळवा. एक आकडा जरी पुसट असला तरी थांबा.

नळ्या काढून आकाशाकडे धरा आणि आतून पाहा. आरशासारखी चकाकी हवी. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. उजेडाच्या कड्या कुठे वाकड्या दिसल्या तर तिथे नळी चेपलेली आहे.

डबल बॅरलच्या नळ्या खालच्या हुकात बोट अडकवून लोंबकळत धरा आणि नखानं टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. बद्द आवाज आला तर झाळ सुटलेली आहे आणि आत पाणी शिरून गंज चढतोय.

पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि हलवा. सांध्यात खटखट ऐकू आली तर बिजागरी झिजली आहे. दस्त्याच्या मानेवर बारीक तडा शोधा, तेल लावून तो बरेचदा लपवलेला असतो.

चेंबरवर 65 किंवा 70 मिमी कोरलेलं असतं. 65 च्या चेंबरमध्ये 70 चं काडतूस बसतं, पण सुटताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमिश्की पोलादाची असण्याचा संभव आहे. अशा नळीत आजचं काडतूस घालूच नका.

घरात दुसऱ्या बोअरचं काडतूस ठेवू नका. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून बाराचं बसतं आणि नळी फुटते.

घरात ठेवताना

बंदूक रिकामी, लोखंडी आलमारीत, आलमारी भिंतीला बोल्टनं पक्की. काडतुसं वेगळ्या कुलुपात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, देवघराच्या खिळ्यावर नाही. खिळ्यावरची किल्ली घरातलं सात वर्षांचं पोरही शोधून काढतं.

परवाना ज्याच्या नावावर त्यानंच बंदूक वापरायची. जागलीला जाणाऱ्या सालदाराच्या हातात ती दिली की गुन्हा दोघांवर. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायची असेल तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रानं दुसरा नेऊ शकतो, त्यापलीकडे नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं 2019 पासून वेगळा गुन्हा आहे: 2 वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पावसाळ्यात कापडी-चामडी खोळीत बंदूक ठेवू नका, ओल धरते. महिन्यातून एकदा चिंधी आणि हलकं तेल. उन्हाळ्यात टिनाच्या छताखालच्या खोलीत काडतुसं नकोत.

एक बारीक गोष्ट जवळून पाहा. बंदूक उभी ठेवली की कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते. दोन-तीन दिवसांत सुपारीएवढा गोळा आत बसतो, बाहेरून दिसत नाही, आणि त्यावर बार काढला की नळी फुटते. म्हणून प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, काडतूस घालण्याआधी रिकाम्या नळीतून उजेड पाहा. चाप ओढूनही काडतूस सुटलं नाही तर लगेच नळी मोडू नका. तोंड मोकळ्या जागेकडे धरून अर्धा-एक मिनिट थांबा. ओल लागलेली काडतुसं उशिरा सुटतात. बार नेहमीपेक्षा हलका वाजला तर बूच आत अडकलं असेल, नळी तपासल्याशिवाय दुसरा काढू नका.

गोळी सुटलीच तर

112 ला फोन करा, जखमीसाठी ॲम्ब्युलन्स मागा. बंदूक रिकामी करून एका जागी ठेवा. दार, कुलूप, रक्त, काडतुसाचं टरफल जसंच्या तसं राहू द्या. पुसून, धुऊन ठेवलेली ओसरी खरं सांगणाऱ्यालाही खोटं पाडते. परवाना हाताशी ठेवा. काय घडलं ते थोडक्यात सांगा, बाकी जबाब वकिलाला विचारून.

बिबट्या किंवा वाघ अंगावर आला आणि जीव वाचवायला मारला गेला, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये संरक्षण आहे, पण ते माणसाचा जीव वाचवण्यासाठीच. गाय किंवा शेळी वाचवण्यासाठी नाही, तिची नुकसानभरपाई वनखात्याकडे मागायची. मेलेलं जनावर सरकारचं, त्याला हात न लावता वनखात्याला कळवा.

कागद चालू ठेवणं

परवाना 2019 नंतर 5 वर्षांचा आहे. मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज करा, मुदत गेलेल्या परवान्यावर घरात ठेवलेली बंदूक बेकायदाच ठरते. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका. काडतुसांची मर्यादा आणि परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो हे पुस्तिकेवर लिहिलेलं असतं, लग्नाला शेजारच्या राज्यात नेण्याआधी ते वाचा. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तर पावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना भांडण तिथेच होतं.

परवानाधारक वारला की बंदूक ‘वडिलांची आठवण’ म्हणून आलमारीत राहते, आणि वर्षा-दोन वर्षांनी वारसावर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा नोंदवला जातो. विलंब न करता ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, मग वारसानं स्वतःच्या नावाचा अर्ज करावा. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर तो जिवंत असतानाच ती वारसाच्या नावे करण्याची सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घरी ही फाईल आधीच सुरू केलेली बरी.